वरचं घर (कुटुंब ग्रुप) : बिलात काय जास्त आहे?

सोमवार, 4 ऑगस्ट 2025

बापू 6:05
🌺 श्रावणी सोमवारच्या शुभेच्छा 🌺 हर हर महादेव

सुलभा वहिनी 7:12
विजूभावोजी, परवा मी बिलाचा फोटो टाकला, त्याखाली तुम्ही "जरा जास्तच वाटतंय" असं लिहिलंत. तेव्हा गप्प बसले. घरात अकरा माणसं. सगळ्यांचे मिळून किराण्याला 12,000 येतात. त्यात तेल, डाळी, साखर, चहापावडर, दूध, मिरच्या, साबणापासून काडेपेटीपर्यंत सगळं आलं. काय जास्त वाटलं ते नाव घेऊन सांगा. पुढच्या महिन्यात आणणार नाही.

विजू (पुणे) 7:40
वहिनी, सहज लिहिलं हो 🙏 राग मानू नका. 8 लिटर तेल बघून वाटलं, एवढंच.

बापू 7:44
तेलाचो 15 किलोचो डबो घेवचो. पिशव्येत पैसे जातत.

सुलभा वहिनी 7:51
8 पिशव्या आहेत भावोजी. 8 लिटर नव्हेत.

ओंकार 7:58
आईचं बरोबर आहे. आपण आणतो त्या पिशवीवर 850 ग्रॅम लिहिलंय. लिटरभर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं. म्हणजे 8 पिशव्यांचे साडेसात लिटरसुद्धा होत नाहीत. माणशी दिवसाला 20 ग्रॅम आलं. चार-साडेचार चहाचे चमचे. त्यात फोडणी, आंबोळी, सगळं.

ओंकार 7:59
आणि 12000 ÷ 30 ÷ 11 = 36. दिवसाला माणशी 36 रुपये, दोन्ही वेळचं जेवण, न्याहारी आणि चहा धरून. तेवढ्यात माझा कॉलेजजवळ एक वडापाव आणि एक चहा होतो.

जयू आत्या 8:03
रोज वडापाव खातोस?

ओंकार 8:03
आत्या, मुद्दा तो नाही 😄

विजू (पुणे) 8:15
पण मे महिन्यात सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 10 वर आणलंय. तेल स्वस्त व्हायला हवं होतं खरं तर.

सुलभा वहिनी 8:21
मग सरकारला म्हणावं आमच्या दुकानदाराला एक फोन करा.

दिगू 8:22
😂😂😂

बापू 8:30
डबो घेतलो तर किलोमागे फरक पडता. मी मघाशीच सांगितलंय.

सुलभा वहिनी 8:46
बापूकाका, वाचलं. डबा रोखीने घ्यावा लागतो. विजूभावोजींचे पैसे 5 तारखेला येतात, नितीनचे 15 नंतर केव्हातरी, तुमचे पेन्शन झाल्यावर. दुकानदार पिशव्या वहीवर देतो, डबा देत नाही. एकरकमी पैसे माझ्या हातात द्या, डबाही आणते आणि तूरडाळही पाच किलो एकदम आणते.

मानसी (नितीन) 9:10
सुलभाताई, रेशनचं धान्य फुकट आहे ना आता? त्याने बराच भार हलका होत असेल.

सुलभा वहिनी 9:18
होतो ना. जानेवारी 2023 पासून फुकट आहे, माणशी 5 किलो. कार्डावर सात नावं, म्हणजे 35 किलो यायला हवं. हातात पडतं 30. सातवं नाव नितीनचं, त्याचं ई-केवायसी झालेलं नाही. मार्चपासून सांगतेय.

मानसी (नितीन) 9:20
ते गणपतीला गावी आले की करतील.

ओंकार 9:21
काकी, गावी यायची गरज नाही. मुंबईत कुठल्याही रेशन दुकानात अंगठा दिला तरी होतं.

विजू (पुणे) 9:33
मुळात नोकरी करणाऱ्या माणसाचं नाव त्या कार्डावर असावंच कशाला?

नितीन 9:35
तुझं नाव केव्हा कमी झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. फ्लॅटच्या कर्जाला पुण्याच्या पत्त्याचा पुरावा हवा होता तेव्हा. तोवर आठ वर्षं इथलाच तांदूळ खात होतास.

विजू (पुणे) 9:36
[मेसेज डिलीट केला]

नितीन 9:36
वाचलं मी.

जयू आत्या 9:40
अरे सकाळी सकाळी काय हे. महादेवाचा वार आहे आज.

दिगू 9:44
माझो एक उपाय. सगळ्यांनी सोमवार, गुरवार, शनवार उपास धरूचो. खर्च निम्मो 🙏

सुलभा वहिनी 9:52
दिगूभावोजी, आज घरात सात जणांचा उपास आहे. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटे, वर तूप. शिवाय ज्यांचा उपास नाही त्यांना भात-आमटी वेगळी. उपासाच्या दिवशीच पाकीट जास्त रिकामं होतं.

ओंकार 9:53
आणि खिचडी सगळ्यांनाच हवी असते. उपास नसणाऱ्यांना आधी.

बापू 10:15
आमच्या येळार कुळथाच्या पिठयेर धा-बारा माणसा जेवत. रोज डाळ कित्याक व्हयी?

सुलभा वहिनी 10:41
पिठी आठवड्यातून दोनदा होतेच बापूकाका. अकरा माणसांना अडीच वाट्या पीठ, लसणाची फोडणी, चार-पाच आमसुलं. पिठी स्वस्त पडते, अगदी कबूल. पण पिठी केली की भात सव्वापट लागतो. मुलं ओरपतात आणि पुन्हा पातेलं पुढे सरकवतात. घरचा तांदूळ शिमग्यापर्यंत पुरला, तेव्हापासून विकतचाच चाललाय. डाळीचे वाचले ते तांदळात गेले.
आणि श्रावण म्हणजे बचत असं मुंबई-पुण्याला वाटत असेल. एरवी पेडवे-तारली अशी मासळी स्वस्तात मिळाली की एक जेवण सुटतं, नाहीतर सुक्या गोलम्याची चटणी असतेच. जून-जुलै मासेमारी बंदीत गेले, आता होड्या सुटल्या तर आपला श्रावण. मग काय, काळे वाटाणे, चवळी, मूग, आणि ही कडधान्यं बाजारातूनच येतात. परड्यात पडवळ, शिराळी, भेंडी लागलीय आणि फणसाच्या आठळ्या मातीत घालून ठेवल्यात, म्हणून भाजीचं तरी भागतंय.

मानसी (नितीन) 10:50
नारळ तरी घरचेच ना पण?

सुलभा वहिनी 10:58
माड घरचे आहेत. माकडं कोणाची ते मला माहीत नाही. कोवळी शहाळी फोडून खाली टाकतात. चढणारा माणूस वेळेवर मिळत नाही, मिळाला की माडागणिक पैसे मागतो. मी एक नारळ फोडला की अर्ध्याचं वाटप, अर्ध्याची सोलकढी. पिळून राहिलेला चोथासुद्धा टाकत नाही. तव्यावर कोरडा भाजायचा, लालसर झाला की सुकी मिरची, लसूण, मीठ घालून पाट्यावर रगडायचा. शनिवारी दिगूभावोजींनी जी चटणी तीनदा मागून घेतली ती चोथ्याची.

दिगू 11:01
काय सांगतास? माका वाटला ताज्या खोबऱ्याची 😳

सुलभा वहिनी 11:02
तेच तर.

नितीन 11:10
वहिनी, मेमध्ये आम्ही नारळ नेले म्हणून हा टोमणा असेल तर सरळ बोला. आईनेच दिले होते.

सुलभा वहिनी 11:16
टोमणा नाही. नारळ दिले ते आईंनी, मोजून पोत्यात भरले ते मी. चाळीस. आमसुलाचा डबाही गेला, रिकामा अजून आलेला नाही.

मानसी (नितीन) 11:18
डबा आणते. एवढंसं मनात धरून ठेवलंत होय.

बापू 11:25
नारळाचा जावंदे. तेलाचो डबो...

दिगू 11:26
बापू, डब्याचो फोटो आता डीपीकच लावा 🙏😂

बापू 11:28
गाढवा, हिशेबाची गोष्ट सांगतंय मी.

राजन 12:40
मी रिक्षावर आहे. मला यात ओढू नका.

जयू आत्या 12:44
दादा, तुला कोणी ओढलंच नाही अजून.

ओंकार 12:50
आजीला सगळं वाचून दाखवलं. आजी म्हणते, "ग्रुपार भांडू नकात, भांडूचा असात तर घराक येवा."

विजू (पुणे) 1:15
वहिनी, माझं तसं म्हणणं नव्हतं. जेवण तुम्ही सांभाळता म्हणून आम्ही बाहेर निर्धास्त आहोत. बोला, काय करायचं?

सुलभा वहिनी 2:05
जेवणं आटोपली. लिहिते.
तुमचे आणि नितीनचे 2,500 ठरले ते 2019 साली. ओंकार तेव्हा आठवीत होता, आता पंधरावीला आहे, भाकऱ्याही त्याच हिशेबाने. घरची लहान चार मुलंही आता लहान राहिलेली नाहीत. पैसे मात्र तेवढेच. प्रत्येकी 3,500 करा आणि 5 तारखेच्या आत द्या. बाकी कुळीथ करा, नाचणी करा हे मला कोणी शिकवू नका. तेच करतेय.
दुसरं, गणपती 27 ला. पाच दिवस, यंदा चोवीस माणसं आणि रोज रात्री भजन. भजनी मंडळींना काळ्या वाटाण्याची उसळ, पाव, चहा. गेल्या वर्षी विजूभावोजींनी खालच्या वाडीचं भजनही परस्पर बोलावलं. रात्री साडेअकराला तीस माणसं अंगणात, आणि उसळ पंधरांची. मी आणि दिगूभावोजींच्या मंडळींनी बटाटे उकडून त्यात ढकलले. हे घरखर्चातून नाही होणार.

विजू (पुणे) 2:20
भजनाची उसळ-पाव माझ्याकडे. वाटाणे पाच किलो पुण्याहून आणतो. 3,500 सप्टेंबरपासून चालतील?

सुलभा वहिनी 2:22
ऑगस्टपासून.

विजू (पुणे) 2:31
बरं. उद्या टाकतो.

जयू आत्या 2:40
मी गूळ आणि तूरडाळ घेऊन येते कोल्हापुरातून. इथे गूळ चांगला मिळतो.

सुलभा वहिनी 2:43
जयूताई, तुम्ही माहेरवाशीण, तुम्ही कशाला? पण आणताच आहात तर गूळ पाच किलो, मोदकांना पिवळाच बघा. डाळीचे पैसे देईन मी.

जयू आत्या 2:44
पैसे दिलेस तर परत पाठवीन.

मानसी (नितीन) 3:05
सुलभाताई, आमचे दोन हप्ते चालू आहेत. 3,000 जमतील आता. दिवाळीनंतर 3,500.

विजू (पुणे) 3:07
हप्ते सगळ्यांनाच आहेत.

नितीन 3:08
तू बोलू नकोस.

सुलभा वहिनी 3:15
3,000 चालतील मानसी. पण 5 तारखेच्या आत. आणि या रविवारी नितीनला रेशन दुकानात पाठव. 5 किलो तांदूळ-गहू म्हणजे आपल्या घरी दीड दिवसाचं जेवण.

नितीन 3:32
आधार कार्ड शोधायला लागेल. बघतो.

मानसी (नितीन) 3:33
बघतो नाही. जाणार आहेत रविवारी.

बापू 4:10
माझे हजाराचे दीड हजार धरा. आणि यंदा पैसे एकदम जमतत, तर तेलाचो

दिगू 4:11
डबो 😂😂

सुलभा वहिनी 4:30
हो बापूकाका, गणपतीसाठी आणते डबा. दिगूभावोजी, उद्या मंगळवार, कणकवलीच्या बाजाराला जाल तेव्हा भाव विचारून ठेवा. मुगाचाही विचारा, इथे फार सांगतो. पिशवी घरून न्या.

दिगू 4:34
कितकी मोठी?

सुलभा वहिनी 4:35
नारळाचं पोतं असतं तर तेच दिलं असतं. ते मुंबईला आहे.

मानसी (नितीन) 4:36
😐 पोतंही आणते.