'नल'ला निरंक म्हणावं का?

रकाना: विद्यार्थ्यांसाठी पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) आणि एसक्यूलाइट (डेटाबेस) यांची टिपणं मराठीत करते आहे. 'नल' म्हणजे डेटाबेसच्या रकान्यात मूल्यच नसणं; त्यासाठी मी 'निरंक' लिहिलं. तपासणाऱ्यांनी खोडून 'शून्य' केलं. मला हे अजिबात मान्य नाही. परीक्षेत शून्य मिळालेला आणि गैरहजर राहिलेला एकच का? सरासरी काढताना एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) शून्य धरतं, नल वगळतं.

दुसरी अडचण. पायथनमध्ये निकालातली एक ओळ आणणाऱ्या फेचवनला एकही ओळ सापडली नाही तर 'नन' (पायथनचं 'काहीच नाही') मिळतं. ओळ सापडली पण तिच्यातला एकमेव रकाना नल असेल, तर टपल (मूल्यांचा गठ्ठा) मिळतो आणि त्याच्या आत 'नन' असतं. रिकाम्या टेबलावर 'सम' (बेरीज) चालवलं की नेमकं हेच दुसरं होतं. दोन्हीकडे एकच शब्द कसा वापरू?

मोडीवाचक: शून्य चूकच, पण निरंकही नको. वडील तलाठी होते. वरून माहिती मागवली की ते 'निरंक' लिहून सही करायचे. म्हणजे दप्तर पाहिलं, तसं प्रकरण गावात नाही. निरंक हे ठाम उत्तर आहे. नल म्हणजे ठाऊकच नाही. म्हणून तर 'नल = नल' का, याचं उत्तर 'हो'ही येत नाही, 'नाही'ही येत नाही. तुमच्या पहिल्या प्रकाराला, ओळच न सापडण्याला, निरंक चपखल बसेल.

रकाना: पटलं! मग दुसऱ्याला 'कोरा'?

व्युत्पत्ती: नको. कोरा म्हणजे रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) वाटेल. ऑरेकल डेटाबेस रिकामी स्ट्रिंग आणि नल एकच धरतं, इतर बहुतेक डेटाबेस धरत नाहीत. 'अज्ञात' घ्या.

बॅकएंड: कशासाठी? ऑफिसात सगळे 'नल आला', 'रो (ओळ) मिळाली नाही' असंच बोलतात. मुलांना एररही इंग्रजीतच दिसणार. नल, कर्सर (निकालातल्या ओळी आणून देणारा), रिझल्ट सेट (निकालात आलेल्या ओळी) तसेच ठेवा.

मोडीवाचक: रिझल्ट सेटला 'उतारा' आहे की! सातबाराचा उतारा काढतो तेव्हा मूळ दप्तर जागेवरच राहतं, हवं तेवढं नकलून हातात येतं. असा रुळलेला शब्द टाकून द्यायचा?

बॅकएंड: शब्द छान आहे, पण उतारा म्हणजे अख्खा कागद. कर्सरवरून आम्ही फेचमेनीने शंभर-शंभर रांगा घेतो, बाकीच्या मागेच असतात.

व्युत्पत्ती: रांगा? रांग रेशनच्या दुकानापुढे. वहीत ओळ असते.

मोडीवाचक: दोन्हींत क्रम आला. 'ऑर्डर बाय' (क्रम लावायची सूचना) दिलं नाही तर क्रमाची हमी नसते. 'नोंद' म्हणा.

बॅकएंड: आणि दोन टेबलं जॉइन केल्यावर, म्हणजे जोडल्यावर? विद्यार्थ्याचं नाव एका टेबलातलं, गुण दुसऱ्यातले. ही जोडलेली ओळ कुठेच नोंदलेली नसते, क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) चालल्यावर तयार होते. तिला नोंद कशी म्हणणार?

व्युत्पत्ती: म्हणूनच म्हणतो, ओळ.