एसी सर्व्हिसिंगचे काम तीन कारागिरांच्या पुढे कसे न्यावे? (बडोदा)

दांडियाबाजारकर

नमस्कार. दांडिया बाजारात माझे एसी दुरुस्ती आणि सर्व्हिसिंगचे काम आहे. ११ वर्षांपूर्वी एकट्याने स्कूटरवर सुरुवात केली. आज ३ कारागीर आहेत, वहीत सुमारे ९०० घरे आहेत आणि गेल्या आर्थिक वर्षातील उलाढाल १७.५ लाख रुपयांची झाली. मार्चच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत आम्हाला धड जेवायला वेळ मिळत नाही, आणि एकदा पाऊस लागला की हीच मुले दुकानात बसून राहतात. पगार मात्र बाराही महिने द्यावा लागतो.

आता वासणा-भायली रस्त्यावरील १८० फ्लॅटच्या एका सोसायटीने वार्षिक कंत्राट देऊ केले आहे. सुमारे ४०० एसी, वर्षातून २ सर्व्हिसिंग, प्रत्येक एसीमागे वर्षाला ९०० रुपये, आणि पहिली सर्व्हिसिंग एप्रिलमध्येच व्हावी असा त्यांचा आग्रह आहे. मकरपुरा जीआयडीसीतील एका कारखान्यानेही ऑफिसच्या २२ मशिनांसाठी विचारले आहे, पण ते पैसे ६० दिवसांनी देणार म्हणतात. त्यासाठी आणखी ४ मुले ठेवावीत का, हा माझा प्रश्न आहे.

भीती दोन गोष्टींची वाटते. गेल्या मे महिन्यात निजामपुऱ्यातील एका घरी नव्या मुलाने ड्रेन पाइपला उतार न देताच युनिट परत बसवले. रात्री साडेदहाला फोन आला आणि मी पोहोचलो तेव्हा पाणी भिंतीवरून ओघळत थेट देवघरापर्यंत गेले होते. रंगाचा खर्च मी दिला, पण त्या काकूंनी एकही शब्द न बोलता ओल्या पोथ्या उन्हात घालायला बाजूला काढून ठेवल्या, ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. दुसरे असे की, २ वर्षांपूर्वी एक जुना कारागीर सोडून गेला आणि माझ्या वहीतील सुमारे ६० घरे आता त्यालाच बोलावतात.

कारेलीबाग_रुग्णसेवा

दादा, मुले किती ठेवावीत हे ठरवण्याआधी निजामपुऱ्याच्या त्या पाइपकडे पाहावे, असे मला वाटते. मी घरी रुग्णसेविका पाठवण्याचे काम करते. चार जणी होत्या तोपर्यंत मी रोज प्रत्येक घरी फेरी मारत असे आणि त्यामुळे सगळे सुरळीत चालते, असा माझा समज झाला होता. सातवी बाई आली आणि फेऱ्या जमेनाशा झाल्या. एका आजोबांना दुपारची रक्तदाबाची गोळी पाळी बदलताना दोनदा दिली गेली. सुदैवाने त्यांना काही झाले नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक रुग्णाच्या पलंगाला एक कार्ड दोऱ्याने बांधले: वेळ, औषध, देणारीची सही. आज आमच्याकडे २६ जणी आहेत आणि ते कार्ड अजून तसेच आहे.

तुम्ही स्वतः एक एसी कसा करता, ते एकदा बसून क्रमाने लिहून काढा. फिल्टर धुणे, जॅकेट बांधून जेट पंपाने कॉइल आणि ब्लोअर साफ करणे, क्लॅम्प मीटरवर अँपिअर पाहणे, सुरू केल्यावर येणाऱ्या हवेचे तापमान नोंदवणे, हे सगळे तुमच्या हाताला माहीत आहे. नव्या मुलाला ते कागदावर मिळायला हवे. त्यात एक गोष्ट सक्तीची करा. निघण्यापूर्वी ट्रेमध्ये मगभर पाणी ओतायचे आणि ते बाहेरच्या नळीतून पडताना ग्राहकाला दाखवायचे. या एका मगाने निजामपुऱ्याची ती रात्र टळली असती. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये आपल्या बडोद्यात कलाभवन काढले, ते हाताचे कसब पद्धतशीर शिकवता येते या विश्वासानेच, हे मला अशा वेळी हमखास आठवते.

त्या ६० घरांबद्दल वाईट वाटते, पण त्यांचीही बाजू समजून घ्यावी लागेल. गॅस केव्हा भरला, कपॅसिटर केव्हा बदलला, हे सगळे त्या कारागिराच्याच लक्षात होते, म्हणून घरे त्याच्याकडे गेली. ही माहिती तुमच्या वहीत आणि मशिनच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कार्डावर असेल, तर लोक दुकानाला फोन करतील. तिघांपैकी जो सर्वांत चोख आहे, त्याचा पगार वाढवा आणि अर्धा दिवस त्याला इतरांचे काम तपासायलाच ठेवा. त्या अर्ध्या दिवसाची कमाई बुडेल, पण तो खर्च करावाच लागतो.

रावपुरा_लेखापाल

आकडे मांडून पाहू. एका मुलाचा पगार १८,००० आणि पेट्रोल, फोन, अवजारांचे ४,००० धरले, तर महिन्याला २२,००० आणि वर्षाला २,६४,००० रुपये होतात. एका सर्व्हिसिंगचे तुम्ही ६०० घेत असाल आणि सामानाला १०० जात असतील, तर हाती ५०० उरतात. म्हणजे एक मुलगा स्वतःचा खर्च भरून काढण्यासाठीच वर्षाला ५२८ सर्व्हिसिंग लागतात. सुट्या वगळता सीझनचे ९० दिवस रोज ५ केल्या तरी ४५० होतात. उरलेल्या ७८ पावसाळ्यात आणि हिवाळ्यात मिळाल्या नाहीत, तर तो मुलगा तोट्यात जातो. दुकानाचे भाडे आणि तुमचा स्वतःचा मेहनताना यात अजून धरलेलाच नाही. चार मुले एकदम ठेवू नका.

आता सोसायटी. ४०० एसी एप्रिलमध्ये करायचे म्हणजे दिवसाला ५ या हिशेबाने एका माणसाचे ८० दिवस. तुमच्या तिन्ही मुलांचा संपूर्ण एप्रिल मिळून ७८ दिवस होतो. जुन्या ९०० घरांनी तेव्हा कोणाला बोलवायचे? वर्षभरात ८०० सर्व्हिसिंगचे १६० दिवस, एका मुलाचा दिवसाचा खर्च ८४६ रुपये (महिन्याचे २२,००० भागिले कामाचे २६ दिवस), म्हणजे १,३५,३६०; सामानाचे ८०,०००. कंत्राटाच्या ३,६०,००० मधून १,४४,६४० उरतात, आणि इथपर्यंत व्यवहार बरा दिसतो.

पण या कंत्राटाने तुमची उलाढाल २१.१ लाखांवर जाते, आणि गुजरातमध्ये सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांच्या पुढे जीएसटी नोंदणी सक्तीची आहे. नेहमीच्या पद्धतीने १८ टक्के लावले, तर घरगुती ग्राहकाचे ६०० चे ७०८ होतात आणि त्याला त्याचे क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तो कर त्याला कुठे वजा करून घेता येत नाही. ५० लाखांपर्यंतच्या सेवा व्यावसायिकांसाठी कंपोझिशनची सोय आहे. तिथे ६ टक्के भरायचे, पण ते बिलात वेगळे दाखवून ग्राहकाकडून घेता येत नाहीत. पुढच्या पूर्ण वर्षी २१.१ लाखांचे ६ टक्के म्हणजे १,२६,६०० झाले. कर जुन्या घरांच्या कामावरही लागतो, हे अनेकांच्या लक्षात उशिरा येते. कंत्राटातून हाती राहिले सुमारे १८,०००.

कारखान्याचे म्हणाल, तर आधी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करा. ती ऑनलाइन आणि मोफत आहे. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाला लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे देणे कायद्याने बंधनकारक आहे. मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत कारखान्याला ती आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही, हा नियम आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू आहे. त्यांच्या अकाउंट्स विभागाला तो ठाऊक असतो, त्यामुळे ६० दिवसांची अट तुम्ही नम्रपणे नाकारू शकता.

दांडियाबाजारकर

दोघांचे मनापासून आभार. अठरा हजारांचा आकडा पाहून मी वही दोनदा तपासली. हिशेब बरोबर आहे. मग सोसायटीला नाहीच म्हणावे का?

मांजलपूरकर_जुना_कारागीर

नाही म्हणू नका, महिना बदलून मागा. मी ३० वर्षे हेच काम केले. पहिली सर्व्हिसिंग उत्तरायणानंतर जानेवारी-फेब्रुवारीत आणि दुसरी नवरात्र संपून दिवाळीची साफसफाई सुरू होते त्या दिवसांत, असे सांगा. दर ११०० मागा आणि पहिल्या वर्षी एकच टॉवर घ्या. तुमच्या ९०० घरांनाही फेब्रुवारीत करून घेतल्यास १०० रुपये कमी, असे कळवून पाहा. निम्मी घरे आली तरी एप्रिल हलका होईल. पावसाळ्यासाठी पॅथॉलॉजी लॅब आणि दवाखाने धरा, त्यांची मशिने बाराही महिने चालतात.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. नवीन मशिनांत येणारा आर-३२ गॅस पेट घेऊ शकतो. जुन्या आर-२२ वर शिकलेल्या हातांना हे पुन्हा शिकवावे लागते. लाइनमध्ये गॅस असताना ब्रेझिंगची (नळ्या जोडण्याची) ज्योत लावू देऊ नका. टॉवरमध्ये आउटडोअर युनिट सातव्या मजल्याच्या छज्जावर असते. सेफ्टी बेल्टशिवाय मुलाने खिडकीबाहेर पाय टाकायचा नाही, मग ग्राहक कितीही घाई करो. प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचे वर्षाला २० रुपये प्रत्येक मुलाच्या खात्यातून जातात की नाही, तेही पाहा. सातव्या मजल्यावर मी एक जोडीदार गमावला आहे, म्हणून एवढे लिहिले.

दांडियाबाजारकर

काका, दोन सेफ्टी बेल्ट आज सकाळीच घेतले. सोसायटीच्या सेक्रेटरींना काल भेटलो. एका टॉवरमधील ६० फ्लॅट, सुमारे १३० एसी, दर ११०० आणि पहिली फेरी जानेवारीत, एवढे त्यांनी मान्य केले. एप्रिलमध्ये बिघाडाचा फोन आला तर दुसऱ्या दिवसापर्यंत माणूस येईल, हे मी लिहून दिले. यातून १,४३,००० वाढतात आणि उलाढाल १८.९३ लाखांवर राहते, म्हणजे नोंदणीचा निर्णय पुढच्या वर्षीचा दर ठरवताना घेता येईल. कारखान्याला ४५ दिवसांचे पत्र दिले आहे, उत्तर यायचे आहे. नवा मुलगा सध्या एकच ठेवतो आहे. ताईंनी सांगितलेले कार्ड गुजराती आणि मराठी दोन्हींत छापायला टाकले असून मगभर पाण्याची ओळ त्यात सर्वांत वर, ठळक अक्षरांत घेतली आहे.