मदत हवी आहे : मिशन विमानसेवेत तंत्रज्ञ होऊ इच्छिणाऱ्या भाच्यासाठी

सर्व बंधू-भगिनींना प्रभूमध्ये सलाम. मी खानापूर तालुक्यातील असून माझा भाचा बेळगावात बारावी विज्ञान शाखेत शिकतो. विमान दुरुस्तीचे शिक्षण घेऊन मिशन एव्हिएशन फेलोशिपसारख्या, दुर्गम भागांत छोट्या विमानांनी मदत पोहोचवणाऱ्या ख्रिस्ती संस्थेत सेवा करण्याची त्याची मनापासून इच्छा आहे.

ही संस्था १९४५ साली अमेरिकेत सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी बेटी ग्रीन या महिला वैमानिकाने संस्थेचे पहिले उड्डाण मेक्सिकोकडे केले. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात, जिथे रस्ताच नाही, तिथे या संस्थेची सेस्ना कॅराव्हॅनसारखी छोटी विमाने रुग्ण, औषधे, शिक्षक आणि बायबलच्या प्रती पोहोचवतात. तेथील अनेक धावपट्ट्या उतारावर असल्याने विमान चढाच्या दिशेने उतरते व उताराच्या दिशेने उडते, आणि दुपारी ढग दाटत असल्याने बरीच उड्डाणे सकाळीच उरकावी लागतात. पावसाळ्यात आमच्या भीमगड अरण्यातील गावांतून रुग्णाला खांद्यावरून आणावे लागते, हे त्याने पाहिले आहे; त्याची ओढ तिथूनच आली असावी.

भारतातील विमान देखभाल परवाना अशा परदेशी सेवेत कितपत ग्राह्य धरला जातो, त्यापुढे कोणते प्रशिक्षण व किती वर्षांचा अनुभव लागतो, आणि अशा सेवकांना निर्वाहनिधी बहुधा मंडळ्यांकडूनच (चर्चकडूनच) उभा करावा लागत असल्याने आमच्यासारख्या लहान मंडळीने त्याची तयारी कशी करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे. कोणी स्वतः हा अभ्यासक्रम केला असल्यास त्यांच्याशी बोलण्यास आम्ही दोघेही उत्सुक आहोत.