‘पानिपत’, ‘सुपडा साफ’ की आणखी काही?

गोदाकाठ
आमच्या वाचक मंडळासाठी परदेशातल्या पक्षांवरचा एक लेख मराठीत करते आहे. कॅनडाच्या १९९३च्या निवडणुकीपाशी अडले. प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह पक्षाने १९८८ला २९५पैकी १६९ जागा जिंकून सरकार केलं होतं. पाच वर्षांनी त्यांच्या २ जागा आल्या. पंतप्रधान किम कॅम्पबेल स्वतःच्या मतदारसंघात पडल्या. मी लिहिलं, ‘पक्षाचं पानिपत झालं.’ मंडळातल्या सरांनी ते खोडलं. त्यांचं म्हणणं, पानिपतानंतर मराठे पुन्हा दिल्लीला गेले, हा पक्ष काही उठला नाही. १९९७ला २०, २०००ला १२, आणि २००३च्या डिसेंबरात विलीन. ‘दारुण पराभव’ मला नको आहे. त्यातून हरल्याचं कळतं, मोडल्याचं कळत नाही. शब्द सुचवा.

पंचवटीकर
इतिहास सरांचा बरोबर आहे. १४ जानेवारी १७६१ला पानिपत आणि १७७१मध्ये महादजी शिंदे दिल्लीत. पण बोलीतलं पानिपत इतिहासाला विचारून चालत नाही. आमच्या घरी दहावीचा निकाल लागला तरी ‘गणिताचं पानिपत’ म्हणायचे. शब्द ठेवा. ‘संक्रांत ओढवणे’ही तिथूनच आलंय.

निफाडची लेक
संक्रांतीचं पटत नाही, दादा. लढाई पौष शुद्ध अष्टमीची, आणि त्या शतकात संक्रांत १४ तारखेच्या काही दिवस आधी यायची. तारखा आज जुळतात म्हणून जोडलेली ती व्युत्पत्ती आहे.
गोदाताई, आमच्याकडे निकालाच्या दिवशी सरळ ‘सुपडा साफ’ म्हणतात. लहान पोरालाही कळतं.

पंचवटीकर
तो हिंदी वाहिन्यांनी घरात आणलेला शब्द आहे. मराठीत सुपडं नपुंसकलिंगी. म्हणायचंच असेल तर ‘सुपडं साफ झालं’ म्हणा. आपल्याकडे धुव्वा, धूळधाण, वाताहत, नामोनिशाण पुसणं, एवढं सगळं असताना लिंग बिघडलेला शब्द कशाला?

जुना कार्यकर्ता
मी गावोगाव पोलिंग एजंट म्हणून बसलोय. लोक ‘पडला’ म्हणतात. फार तर ‘आपटला’. आणि त्याहून वाईट असेल तर ‘डिपॉझिट गेलं’. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं नसली की अनामत जप्त. हे मोजता येतं. बाकीचे शब्द मथळे लिहिणाऱ्यांचे.

द्राक्षवाला, दिंडोरी
कॅनडाची गोष्ट तुम्ही २००३लाच थांबवली, ताई. कॅनेडियन अलायन्स या दुसऱ्या पक्षाबरोबर एक होऊन जो कन्झर्व्हेटिव्ह पक्ष झाला, तो २००६ला सत्तेवर आला. म्हणून मी ‘खरड छाटणी’ म्हणेन. एप्रिलात आम्ही द्राक्षाच्या काडीला एखादा डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, ठेवून बाकी सगळं काढतो. परक्या माणसाला बाग गेली असं वाटतं. ऑक्टोबर छाटणीनंतर ज्यांना घड लागतात त्या काड्या याच डोळ्यांतून आलेल्या असतात.

सिडकोतला वाचक
शब्द सुंदर आहे, पण इथे चालणार नाही. छाटणी मालक बाग जगावी म्हणून करतो. मतदारांनी तो पक्ष जगावा म्हणून त्याला हाकललं नव्हतं. आणि नव्या पक्षात जुना किती उरला? माजी पंतप्रधान जो क्लार्क यांनी जन्मभर त्या पक्षात काढून विलीनीकरणानंतर नव्या पक्षात यायला नकार दिला.
माझा खरा मुद्दा वेगळा आहे. त्या १९९३ला या पक्षाला सुमारे १६ टक्के मतं होती आणि जागा २. तिथल्याच ब्लॉक क्वेबेक्वा पक्षाला साडेतेरा टक्के आणि जागा ५४, कारण त्यांची सगळी मतं एकाच प्रांतात एकवटलेली. आपल्याकडे १९८४ला भाजपला साडेसात टक्क्यांच्या वर मतं आणि २ जागा. २०१४ला बसपाला चार टक्क्यांच्या वर मतं आणि लोकसभेत शून्य. इथे माणसं उरली, जागा गेल्या. आता ग्रीसचा पासोक पक्ष घ्या. २००९ला जवळपास ४४ टक्के, जानेवारी २०१५ला पाचाच्याही आत. तिथे जागा मतांच्या बऱ्याच प्रमाणात मिळतात, म्हणजे माणसंच उठून गेली. या दोन्हींना ‘सुपडा साफ’ म्हटलं तर वाचकाला काय घडलं ते कळणारच नाही. आधी काय गेलं ते ठरवा, मग शब्द शोधा.

गोदाकाठ
हे फार उपयोगी आहे. म्हणजे कॅनडासाठी ‘जागा धुऊन गेल्या’ आणि ग्रीससाठी ‘मतदार पांगला’?

जुना कार्यकर्ता
मतदार पांगत नाही, फिरतो. ‘वारं फिरलं’ म्हणतात. आपल्याच नाशिक महापालिकेत बघा. २०१२ला १२२पैकी ४० नगरसेवक मनसेचे, महापौरही त्यांचा. २०१७ला ५. त्याआधी २००९ला शहरातल्या तिन्ही आमदारक्या त्यांच्याकडे, २०१४ला एकही नाही. तेव्हा कुणी पानिपत म्हणालं नाही. ‘सगळे पडले’ एवढंच म्हणाले.

सिडकोतला वाचक
‘सगळे पडले’ हे उमेदवारांबद्दल झालं, काका. पक्ष पडतो का? सरकार पडतं, उमेदवार पडतो. पक्ष फुटतो. १९७७ला २९५ जागा जिंकलेला जनता पक्ष आधी फुटला आणि १९८०ला ३१वर आला. मराठीत पक्षाच्या मरणाचे शब्द आतून मोडण्याचे आहेत, बाहेरून हरवल्याचे नाहीत. कायद्यातही बघा. पक्षांतरबंदीत १९८५ला एक तृतीयांश आमदार-खासदारांच्या ‘फुटी’ला मोकळीक होती. २००३ला ती काढली, ‘विलीनीकरण’ तेवढं ठेवलं, दोन तृतीयांशांचं. फूट पडायची थांबली का? नाही.

पंचवटीकर
तरी लिंगाचा मुद्दा राहिलाच. ‘सुपडा साफ’ मराठी नाही म्हणजे नाही.

निफाडची लेक
दादा, माझं आजोळ मालेगावच्या पुढे. तिकडे आधीची मुलं दगावली की पुढच्याला सुपात घालून त्याचं नाव सुपडू ठेवायचे. मुलगी असेल तर सुपडाबाई. आमच्या आजीच्या आळीत होत्या एक. मग ‘सुपडा’ हे रूप मराठीत नाही, हे तुम्ही कोणत्या मराठीबद्दल म्हणताय?

पंचवटीकर
विशेषनामावरून लिंग ठरत नाही. दगडू नावाचा माणूस असतो म्हणून आपण ‘दगडू फोडला’ म्हणत नाही.

द्राक्षवाला, दिंडोरी
आमच्याकडे सूप आणि सुपडं या दोन वेगळ्या वस्तू आहेत. तुमच्याकडे?