मदत हवी आहे: मे महिन्यात वर्ग सकाळी सातला? मुलांची मतं कशी गोळा करू?

चहाबाज_सीआर
शनिवारपर्यंत उत्तर हवंय. 'आधी शोधा' म्हणू नका, शोधून झालंय. मी सीआर, म्हणजे वर्गाचा प्रतिनिधी. आमच्या कॉलेजात मे महिन्यात वर्ग सातला भरवायचं घाटतंय. सर म्हणाले, मुलांची मतं लेखी आणून दे. ग्रुपवर पोल टाकला तर निम्मे हो, निम्मे नाही, वर भांडणं. दोघं तर ग्रुप सोडून गेले. काय विचारू म्हणजे काहीतरी निष्पन्न होईल?

पेठेतली_मनी
कॉलेज कुठे? शाखा कुठली? सात ते किती? सध्या किती वाजता असतं? आणि पोलमधला प्रश्न जसाच्या तसा टाक.

चहाबाज_सीआर
पुण्यात. प्रश्न साधा होता: 'सकाळची वेळ हवी का?'

पेठेतली_मनी
पुण्यात म्हणजे वाघोलीत की वारज्यात? बाकीच्या प्रश्नांचं काय?

जुना_वसतिगृही
अरे बाबा, सकाळच उत्तम. आम्ही ७८ साली सातला वर्गात असायचो. पंखे नव्हते, कूलर नव्हते, कुणी मतं विचारली नाहीत. तेव्हा पुण्याची हवाच थंड होती म्हणा.

आकडेमोड्या
काका, शिवाजीनगर वेधशाळेत ४३.३ अंशांची नोंद एप्रिल १८९७ मधली आहे. एप्रिल २०१९ मध्ये पारा पुन्हा ४३ च्या घरात गेला होता. थंड हवेचं पुणे आठवणींतच जास्त आहे.

जुना_वसतिगृही
एका दिवसाची नोंद म्हणजे हवा नव्हे. आम्ही दुपारी झाडाखाली बसून अभ्यास केलाय.

खिंडीतला_इतिहास
विषय निघालाच आहे तर, गणेशखिंडीतली विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरचं पावसाळ्यातलं निवासस्थान. ऐन उन्हाळ्यात साहेब महाबळेश्वरला. उन्हाळ्यात तिथे बसून काम करायचं नसतं हे त्यांना दीडशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

चहाबाज_सीआर
छान माहिती. महाबळेश्वरला कॉलेज हलवा असं लिहून देऊ का सरांना?
असो. बीएस्सी दुसरं वर्ष. कॉलेज शिवाजीनगरच्या बाजूला. सध्या साडेदहा ते साडेचार, बदलून सात ते साडेबारा. वरच्या मजल्यावर पत्र्याखाली दोन वर्ग आहेत, दुपारी दोननंतर तिथे बसवत नाही, म्हणून हे सगळं.

मेट्रोप्रेमी
मग अडचण काय? मेट्रो सकाळी सहाला सुरू होते. वनाझ असो, पिंपरी असो की स्वारगेट, सातच्या आत सगळे शिवाजीनगरला. विद्यार्थ्यांना तिकिटात ३० टक्के सवलत आहे. ठराव मंजूर करा.

सासवडकर_पोरगी
दादा, सासवडला तुमची मेट्रो येते का? दिवे घाट उतरून हडपसर, तिथून दुसरी बस. सातला पोचायचं तर पाचच्या आसपास निघावं लागेल. मेमध्ये पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, म्हणजे मी अंधारात एकटी स्टँडवर. आई हो म्हणेल का? मी कुठल्याही पोलवर 'हो' दिलं असतं, कारण दुपारच्या उन्हात घाट चढून परत येणं मलाही नकोय. पण मला सात वाजता पोचता येत नाही. हे तुमच्या हो-नाहीत कुठे बसतं?

पेठेतली_मनी
चहाबाज, तुझं उत्तर या ताईनेच दिलं. आवड विचारू नकोस, अडचण विचार. तीन पर्याय ठेव: सात, आठ आणि आहे तीच वेळ. प्रत्येकापुढे 'चालेल', 'नाइलाजाने चालेल', 'जमणारच नाही'. आणि मोजायचे ते 'जमणारच नाही' वाले. हॉस्टेलच्या पन्नास जणांना सात आवडलं म्हणून लांबून येणाऱ्या पाच जणांची हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेलेली चालणार आहे का?

मेट्रोप्रेमी
पाच जणांसाठी पन्नास जणांनी पत्र्याखाली भाजायचं? लोकशाही आहे ना?

पेठेतली_मनी
भाजायचं कशाला? सगळ्यांनाच आठला बोलवायचं. आठला सुरू करून दीडला सोडलं तरी दोनच्या आत सुटताय. पोलमध्ये आठ नव्हतंच, म्हणून तर भांडण झालं.

हॉस्टेलचा_पोऱ्या
हॉस्टेलवाल्यांना सात आवडतं असं गृहीत धरू नका. आमच्या मेसचा नाश्ता आठला मिळतो. रात्री खोलीत भट्टी, पहाटे कुठे डोळा लागतो. आमच्यातले दोघं रात्री डिलिव्हरीचं काम करतात, ते एकला परत येतात. त्यांना विचारा सात चालतं का.

लोणावळा_पास
उलट माझं. मला सात हवं, पण साडेबाराला सुटून काय करू? दुपारी लोकलला मोठा खंड असतो. स्टेशनवर बसण्यापेक्षा वर्गात बसलेलं बरं. सुटल्यावर लायब्ररी उघडी राहणार का, हे आधी विचार.

करिअर_मार्गदर्शक
बीएस्सी करून पुढे काय? सुट्टीत डेटा सायन्सचा कोर्स लावून टाक. सकाळी कॉलेज, दुपारी कोर्स. माहिती हवी असल्यास निरोप पाठवा.

चहाबाज_सीआर
नको. प्रॅक्टिकलचं कुणीच बोलत नाहीये. आमचं प्रॅक्टिकल तीन तासांचं आहे.

तासिका_मास्तर
मी प्राध्यापक आहे, त्यामुळे शिव्या खायला तयार आहे. वेळ सरकवता येते, तास कापता येत नाहीत. अभ्यासक्रम क्रेडिटमध्ये, म्हणजे श्रेयांकांत मोजतात: थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं ३० तास. उन्हाळ्यात 'सगळं लवकर उरकू' म्हणून तासिका साठऐवजी पंचेचाळीस मिनिटांची केली, की त्याच एका क्रेडिटला पंधराऐवजी वीस तासिका घ्याव्या लागतात. मग जूनमध्ये ओरडू नका. दुसरं, लॅबचे मामा, म्हणजे शिपाई, किती वाजता येतात? वेळ बदलायची तर त्यांच्याही ड्युट्या बदलाव्या लागतील. मुलांचा अर्ज नेमका इथेच अडतो. आणि फक्त सरांना कागद देऊन थांबू नकोस. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात महाविद्यालय विकास समिती आहे, विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष आणि सचिव तिच्यावर असतात. त्यांच्यामार्फत विषय ने.

चहाबाज_सीआर
मामा साडेनऊला येतात. परिषदेचा सचिव म्हणजे ग्रुप सोडून गेलेल्यांपैकी एक.

तासिका_मास्तर
मग आधी त्याला चहा पाज, तुझं नावच आहे तसं. आणि प्रॅक्टिकल साडेनऊनंतरच लाव: आठ ते साडेनऊ लेक्चर, मग अर्ध्या तासाची सुट्टी, दहा ते एक लॅब. लॅब तळमजल्यावर आहे ना?

चहाबाज_सीआर
हो, तळमजल्यावर. पत्र्याखाली फक्त लेक्चर होतात.

आकडेमोड्या
मग मुळात वेळ बदलायचीच गरज आहे का? ते दोन वर्ग दुपारी खाली हलवले की झालं.

चहाबाज_सीआर
खाली जागा नाही. दुपारी खालचे वर्ग तिसऱ्या वर्षाकडे असतात. बरं, फॉर्म असा करतोय: कुठून येता, पहिली बस किंवा गाडी किती वाजता, दुपारी काम किंवा नोकरी आहे का, आणि सात/आठ/आहे तीच यांपुढे मनीताईंचे तीन रकाने. नाव लिहायची सक्ती नाही. अजून काही?

हॉस्टेलचा_पोऱ्या
गुरुवार. आमच्या भागात गुरुवारी पाणी किंवा वीज, एक तरी जातंच. बादली भरून ठेवायची तर पहाटे उठायचं. त्या दिवशी तरी उशिरा ठेवा.

जुना_वसतिगृही
आम्ही विहिरीवर आंघोळ करायचो.

सासवडकर_पोरगी
चहाबाज, फॉर्मची लिंक इथे टाकू नकोस हं. काका भरतील.