नत्र तोडल्यावर शेवाळ पिवळे पडते, ते नेमके कशामुळे?

मलप्रभाकाठ, खानापूर
एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी क्लॅमिडोमोनस हे एकपेशीय हिरवे शेवाळ वाढवत आहे. माध्यमातून अमोनियम क्लोराइड (नत्राचा स्रोत) वगळल्यानंतर हिरवा रंग उतरून पिवळसर झाला; सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मात्र शाबूत दिसतात. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत नत्राचे 4 अणू असतात, तेव्हा कच्चा माल संपला एवढेच याचे कारण मानावे, की जनुकांच्या पातळीवरही काही घडते?

वनस्पतीशास्त्र शिकवणारी, निपाणी
नुसता कच्चा माल संपला असता, तर नवे हरितद्रव्य तयार झाले नसते, पण असलेले टिकले असते. नत्राविना पेशीविभाजन लवकरच थांबते आणि तरीही हिरवेपणा घटतच राहतो, याचा अर्थ पेशी स्वतःच ते मोडत आहे. आपल्याकडच्या उसात नत्र कमी पडला की जुनी पाने आधी पिवळी पडतात आणि त्यांतला नत्र कोवळ्या पानांकडे जातो. इथे तोच व्यवहार एका पेशीच्या आत चालतो. प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनांच्या जनुकांचे प्रतिलेखन (डीएनएवरून आरएनए बनणे) मंदावते, रुबिस्को या कर्बवायू बांधणाऱ्या विकरासारख्या विपुल प्रथिनांचे विघटन होते, आणि त्याच वेळी अमोनियम आत आणणाऱ्या वाहकांची जनुके जोमाने व्यक्त होऊ लागतात. कर्ब मात्र काही काळ येतच असतो; त्याची प्रथिने करता येत नाहीत, म्हणून तो स्टार्च व तेलाच्या थेंबांच्या रूपात साठतो.

आपल्या माध्यमात ॲसिटेट आहे का? असल्यास चित्र बरेच बदलते. आयता कर्ब हाताशी असलेली पेशी प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा अधिक मोकळेपणाने मोडते, आणि प्रकाशसंश्लेषणात इलेक्ट्रॉन पुढे नेणारे सायटोक्रोम बी६एफ संकुल हरितलवकातील क्लिप व एफटीएसएच या प्रथिनभंजक विकरांकडून नष्ट होते.

मलप्रभाकाठ, खानापूर
होय, टॅप (ट्रिस-ॲसिटेट-फॉस्फेट) माध्यमच आहे. नत्र परत दिल्यावर रंग परततो का, हे पोटॅशियम नायट्रेट घालून पाहावे असा विचार आहे.

प्रयोगशाळा सहायक, बेळगाव
त्याआधी वाण तपासावा. प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या 137सी वंशातील अनेक वाणांत निट1 व निट2 ही नायट्रेट वापरण्यासाठी लागणारी जनुके निकामी असतात, त्यामुळे त्यांना नायट्रेट वापरताच येत नाही. रंग परतला नाही तर पेशी मेल्या असा चुकीचा निष्कर्ष निघेल, अमोनियमच द्यावे. शिवाय नत्राच्या अभावी या पेशी युग्मकांतही (लैंगिक पेशींतही) रूपांतरित होतात, म्हणून जनुकांच्या अभिव्यक्तीत दिसलेला प्रत्येक बदल प्रकाशसंश्लेषणाच्या खात्यावर मांडू नये.