मदत हवी आहे: बाईकचं इंजिन ऑइल नक्की किती किमीला बदलायचं? जो तो वेगळंच सांगतोय

टाकीफुल्ल:
सरळ प्रश्न आहे, सरळ उत्तर द्या प्लीज. ऑइल बदलून फक्त १७०० किमी झालेत. मॅन्युअलमध्ये ६००० लिहिलंय. मेकॅनिकने डिपस्टिक काढली, ऑइल बोटांत चोळून बघितलं आणि म्हणाला हे गेलंय, बदला. मित्र म्हणतो २५००. सासरे म्हणतात दर १००० ला, त्यांनी आयुष्यभर तसंच केलंय. त्यात गेल्या काही दिवसांपासून गिअर कट्टकन पडतोय, सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही, पहिला दुसरा पहिला दुसरा करत बसतो तोवर मागचे हॉर्न वाजवून जीव खातात. मला फक्त आकडा हवाय. संध्याकाळी मेकॅनिककडे जायचंय, त्यामुळे लवकर.

नटबोल्ट:
गाडी कोणती, किती सीसी, ऑइल कुठलं (मिनरल, सेमी की फुल सिंथेटिक), ग्रेड काय, आणि मागच्या वेळी बदललं कधी? एवढं सांगितल्याशिवाय आकडा कसा देणार?

टाकीफुल्ल:
१५० सीसी. ऑइल चांगलंच टाकलंय, बाईकचंच आहे. आकडा सांगा ना.

घाटवळण:
फुल सिंथेटिक टाक आणि विसरून जा. मी ८००० ला बदलतो, इंजिन मांजरासारखं गुरगुरतं. मिनरल वापरायचे दिवस गेले आता.

जुनाजाणता:
८००० काय घेऊन बसलात, काहीही सांगता लोकांना. कारमध्ये ऑइल फक्त इंजिनाचं असतं. बाईकमध्ये तेच ऑइल इंजिनाला, तेच गिअरबॉक्सला आणि तेच क्लचला. गिअरचे दात त्याला दिवसभर चिरडतात, त्यामुळे ते लवकर पातळ पडतं. साधं मिनरल असेल तर मी २५०० ते ३००० च्या पुढे जात नाही. गिअर खरखरायला लागले की समजायचं.

घाटवळण:
माझ्या मॅन्युअलमध्ये १०००० लिहिलंय, मी तर ८००० लाच बदलतो. ज्यांनी इंजिन बनवलं त्यांना जास्त कळतं की आपल्याला?

जुनाजाणता:
तुमची गाडी हायवेवर पळते. याची सिग्नलला न्यूट्रल शोधतेय. एकच आकडा दोघांना कसा चालेल?

सिंगलसिलिंडर:
न्यूट्रल न सापडणं हे ऑइलपेक्षा क्लच केबलचं लक्षण असतं बऱ्याचदा. लिव्हरच्या टोकाला साधारण १०-१५ मिमी प्ले (क्लच ओढायला लागण्याआधीची ढिली हालचाल) आहे का बघा. प्ले जास्त असेल तर लिव्हर पूर्ण दाबूनही क्लच नीट सुटत नाही, मग गिअर कट्टकन पडतो आणि न्यूट्रल लपून बसतो. दोन मिनिटांचं काम आहे, नट ढिला करा, अ‍ॅडजस्टर फिरवा, झालं. उगाच सगळे ऑइलच्या मागे लागलेत.

चारचाकीवाला:
मी कारमधलं उरलेलं ऑइल बाईकमध्ये टाकतो. पाच वर्षं झाली, काही होत नाही. ऑइल ते ऑइल.

नटबोल्ट:
@चारचाकीवाला नवीन लोक वाचतात हो इथे. बाईकचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो. डब्यावर जासो (ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं बघायचं, ते अशा क्लचसाठी असतं. एमबी जास्त निसरडं, ते स्कूटरला, कारण तिथे क्लच ऑइलमध्ये नसतो. कारच्या बऱ्याच पातळ ऑइलमध्ये घर्षण कमी करणारं काहीतरी घातलेलं असतं, त्याने क्लच घसरायला लागतो, आरपीएम वाढतो आणि स्पीड जागच्या जागी. तुमचं नशीब चांगलं म्हणा.
@टाकीफुल्ल तुम्ही तारीख सांगितलीच नाही अजून.

चेनबाबा:
जाता जाता एक टिप, जुनं काढलेलं ऑइल फेकू नका, चेनला मस्त चालतं. माझी चेन कधी गंजली नाही.

सिंगलसिलिंडर:
आणि मागचं चाक, मडगार्ड, पँट सगळं काळं. त्या ऑइलमध्ये धातूचा चुरा आणि काजळी असते, वर त्याला धूळ चिकटते. चेनला चेनचंच ल्यूब वापरा. पण हा धागा चेनचा नाही.

टाकीफुल्ल:
अरे चेन ठीक आहे माझी 😐 तारखेचा काय संबंध, किमी सांगितले ना. तरी सांगतो, १४ महिने झाले असतील. गाडी फारशी चालत नाही, घर ते ऑफिस अडीच किमी, परत अडीच किमी. म्हणजे गाडीला काही त्रासच नाही. म्हणून तर म्हणतो मेकॅनिक लुबाडतोय. ऑइल काळं झालंय म्हणून बदला म्हणे.

नटबोल्ट:
हे आधी सांगायचं ना राव! मॅन्युअलचं ते पान परत उघडा. ६००० च्या शेजारी महिने पण लिहिलेले असतील आणि खाली "जे आधी होईल ते". वाचा आणि इथे टाका.
दुसरं, ऑइल भरायचं झाकण उघडून आतल्या बाजूला काय दिसतं ते सांगा.

टाकीफुल्ल:
उघडलं. झाकणाच्या आत पिवळट पांढरा फेस चिकटलाय, मेयोनीजसारखा. बोटाला चिकट लागतो. हे काय आहे?? आणि हो, "किंवा ६ महिने, जे आधी होईल ते" असं आहे खरं, बारीक अक्षरात.

चारचाकीवाला:
हेड गॅस्केट गेलं. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, ऑइलमध्ये मिसळतंय. गाडी चालू करू नका, टो करून न्या, इंजिन उघडावं लागणार. माझ्या कारला सेम झालं होतं, महिनाभर गाडी गॅरेजमध्ये पडून होती.

नटबोल्ट:
थांबा थांबा, घाबरवू नका त्याला. @टाकीफुल्ल इंजिनावर फक्त पंखांसारख्या पट्ट्या आहेत की पुढे रेडिएटर पण आहे?

टाकीफुल्ल:
रेडिएटर नाही. नुसत्या पट्ट्या.

नटबोल्ट:
मग एअर कूल्ड, म्हणजे हवेने थंड होणारी आहे, तिच्यात कूलंटच नाही तर मिसळणार कुठून. हे हवेतल्या दमटपणाचं आणि पेट्रोल जळताना तयार होणारं पाणी. इंजिन चालू केलं की आत वाफ धरते, ऑइल नीट तापलं की ती उडून जाते. पण अडीच किमीत सिलिंडर तापतो, ऑइल अजून कोमटच असतं, तोवर तुम्ही गाडी बंद करता. पाणी आतच राहतं. थंड इंजिनात जास्तीचं पेट्रोल जातं, त्यातलं थोडं पिस्टनच्या कडेने खाली उतरून ऑइलमध्ये मुरतं. हे रोज दोनदा, १४ महिने. तुम्ही म्हणता गाडीला त्रास नाही, पण ऑइलचे यापेक्षा वाईट हाल क्वचितच होत असतील. हायवेवरचे ५००० किमी त्याला सोपे जातात.
काळं पडण्यावर जाऊ नका पण. ऑइल घाण धरून ठेवतं म्हणून काळं होतं, ते त्याचं कामच आहे. मेकॅनिकचं कारण चुकलं, सल्ला बरोबर आहे.
तुमच्यासाठी किमी विसरा, दर ६ महिन्यांनी बदला. आणि आठवड्यातून एकदा तरी सलग अर्धा पाऊण तास गाडी फिरवा. जागेवर उभी करून रेस करत बसू नका, त्याने तेवढं तापत नाही.

जुनाजाणता:
सहमत. बदलताना इंजिन थोडं गरम असू द्या म्हणजे गाळ पण वाहून येतो. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा टाका आणि बोल्ट पिळू नका, केसिंग अ‍ॅल्युमिनियमचं असतं, आटे गेले की रडाल. माझे गेलेत, म्हणून सांगतो. आणि अख्खा डबा ओतू नका, भरायचं माप इंजिनाच्या केसिंगवर किंवा मॅन्युअलमध्ये असतं. लेव्हल गाडी सरळ उभी करून बघा, साइड स्टँडवर नाही.

टाकीफुल्ल:
मी साइड स्टँडवरच बघत होतो आजवर 🤦

घाटवळण:
फुल सिंथेटिक टाकलं असतं तर हे झालंच नसतं.

नटबोल्ट:
झालं असतं. पाण्याला ऑइल किती भारीचं आहे ते कळत नाही.

टाकीफुल्ल:
दोन दिवसांनी अपडेट. ऑइल काढलं, पाण्यासारखं पातळ आलं आणि पेट्रोलचा वास येत होता चक्क. नवीन टाकलं, फिल्टरही बदलला, क्लच केबल पण अ‍ॅडजस्ट केली, प्ले दोन बोटं होता. आता न्यूट्रल पहिल्या झटक्यात पडतोय. काल पाऊण तास फिरवून आणली, झाकण कोरडं आहे. सगळ्यांना धन्यवाद.

सिंगलसिलिंडर:
बघा, म्हटलं होतं ना क्लच केबल.

जुनाजाणता:
ऑइलने झालंय ते.

सिंगलसिलिंडर:
दोन्ही एकदम केलं त्याने, आता काय डोंबल कळणार.

टाकीफुल्ल:
भांडू नका. शेवटचा प्रश्न, जुनं ऑइल डब्यात भरून घरी आणलंय, त्याचं काय करू?

चेनबाबा:
चेनला.

नटबोल्ट:
नको!! गटारात पण ओतू नका. झाकण घट्ट लावा आणि मेकॅनिककडे परत द्या, त्यांच्याकडे पिंप असतं.